रेघ सांधल्याचा ठपका

रत्नवेल राइसमिलवाल्याचं घर मी एका रेघेनं त्याच्याच वॉर्डातून बाहेर काढलं. ना पोलीस, ना कोर्टाचा कागद. माझं मनगट इतकंसं वळलं, आणि ज्या वॉर्डाला तो कित्येक वर्षं ‘माझा वॉर्ड, माझा वॉर्ड’ म्हणत मिशा पिळत फिरला, तिथं त्याला स्वतःचं मतसुद्धा स्वतःला टाकता येणार नाही, अशी वेळ आली. हे आठवलं की मला अजून हसू फुटतं. फुटू नये, पण फुटतं.

माझी भाची मंगला लग्न होऊन पुण्याला गेली. ती म्हणाली, “मावशी, हे सगळं लिहून काढ. आमच्याकडं दिवाळीच्या अंकात असलं लोक आवडीनं वाचतात.” मी म्हटलं, “अगं, मी पाचवी पास, तीही तमिळ शाळेत.” ती म्हणाली, “म्हणूनच लिही.” यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. मराठी अक्षरं वडिलांनी पोथीवरून शिकवली. आमची कुंभकोणमची मराठी पुण्याच्या लोकांना आजोबांच्या कोटासारखी वाटते. मंगलानं कोट थोडा झटकून दिलाय. ऑफिसातलं बोलणं सगळं तमिळ होतं, ते मी इथं मराठीत लिहिते.

ज्या गावात नोकरी केली त्याचं नाव लिहीत नाही. कुंभकोणमहून बसनं पाऊण तास, नगर-पंचायत, मधोमध देवळाचं तळं, एका अंगाला विणकरांच्या गल्ल्या, दुसऱ्या अंगाला राइसमिल. असली गावं आमच्याकडं बसच्या प्रत्येक थांब्यावर आहेत, तेव्हा शोधत बसू नका.

माझा नवरा तिथं पाण्याच्या पंपावर होता. तो गेला, तेव्हा मला घेतलं, पण तात्पुरती. दर काही महिन्यांनी माझा कागद संपे आणि नवा निघे. अशी मी बारा वर्षं तात्पुरती होते. ‘हिला कायम करावं’ असा प्रस्ताव आमच्या अधिकाऱ्यानं वर पाठवला होता, आणि तो वर कुठंतरी कुणाच्या तरी बुडाखाली होता. कायम झाले तर म्हातारपणी पेन्शन, नाही तर भाच्यांच्या दारात. एवढंच माझं रामायण. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी जो घोळ घातला, त्यात हेच पणाला लागलं होतं.

माझं काम नकाशे छापायचं. आता मशीन आली, तेव्हा सूर्य होता. जाड पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं काढलेला नकाशा एका चौकटीत घालायचा, मागं मसाला लावलेला कागद, वर काच, आणि चौकट उचलून उन्हात धरायची. आमच्याकडच्या उन्हात वीस अंक मोजले की पुरे, मार्गशीर्षात चाळीस. मग कागद हौदात धुवायचा. धुतला की सगळा कागद निळा होई, आणि रेघा तेवढ्या पांढऱ्या. सडा घातलेल्या अंगणावर पिठाची रांगोळी (आम्ही कोलम म्हणतो) उठते, अगदी तशी. पहिल्या दिवशीच मी म्हटलं, हे तर मी रोज पहाटे दारात करते, यासाठी सरकार कशाला पाहिजे?

पुढं नकाशा शाईनं गिरवणारा माणूस बदलून गेला आणि त्याची जागा कुणी भरली नाही. सर्वेअर चेल्लैया पेन्सिलीनं कच्चा नकाशा काढी. त्याला चष्मा लागला होता, हात थरथरे, आणि तपकीर इतकी ओढी की त्याच्या नकाशावर आधी फुंकर मारल्याशिवाय रस्ते दिसत नसत. एकदा म्हणाला, “अक्का, तू कोलम काढतेस ना? मग ही रेघ गिरव.” मी गिरवली. तो म्हणाला, “अय्यो, माझ्यापेक्षा बरी!” तेव्हापासून गिरवायचं काम माझं. कागदोपत्री चेल्लैयाचं, हातानं माझं.

आता वॉर्ड कसे आखतात ते सांगते. शिरगणती झाली की गावातली डोकी वॉर्डांत वाटायची, पंगतीत भात वाढतात तशी. एकाच्या पानावर डोंगर आणि दुसऱ्याच्या पानावर शितं, असं नको. रेघ रस्त्यावरून न्यायची, बोळातून, पाटावरून न्यायची, पण कुणाच्या घरातून नाही. रेघ फिरत फिरत निघाली तिथं परत यायला पाहिजे. मग कच्चा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावायचा. ज्याला पटत नाही त्यानं हरकतीचा अर्ज द्यायचा, अधिकाऱ्यानं सुनावणी घ्यायची, आणि मग पक्का नकाशा. कच्च्या आणि पक्क्याच्या मधले दिवस म्हणजे गावात जत्रा.

पहिली जत्रा मी ऐंशीच्या दशकात पाहिली. तेव्हा मी नुसती छापायची. आमच्याकडची जुनी घरं लांबलचक, पुढचं दार एका रस्त्यावर आणि मागचं दुसऱ्यावर. अशाच एका घरातल्या म्हातारीनं हरकत घेतली. पुढचा रस्ता दोन नंबरच्या वॉर्डात, मागचा तीन नंबरच्या, आणि घर धरलं होतं दोनमध्ये.

“मला तीनमध्ये घाला,” म्हातारी म्हणाली.

“अम्मा, घर एक, वॉर्ड एक. तुमचे यजमान दोनमध्येच आहेत,” अधिकारी म्हणाला.

“म्हणूनच तीनमध्ये घाला.”

नवरा-बायको नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तो पुढच्या दारानं जा-ये करी, ती मागच्या. तो पुढं स्टोव्हवर स्वतःचा भात करी, ती मागं चुलीवर स्वतःचा. अधिकारी स्वतः जाऊन पाहून आला. दोन चुली, मधे कायमची लावलेली कडी. त्यानं डोकं खाजवलं आणि मागच्या दाराला वेगळा नंबर दिला. मत द्यायला ती मागून निघाली, तो पुढून निघाला, आणि दोन्ही वॉर्डांची केंद्रं एकाच शाळेत, शेजारशेजारच्या खोल्यांत. दोघं रांगेत पाठीला पाठ लावून तासभर उभी. चेल्लैया म्हणाला, “बघ अक्का, सरकारनं नऊ वर्षांनी जवळ आणलं.”

आता माझा घोळ.

नव्वदीचं दशक निम्मं होत आलं होतं. आधीच्या निवडणुकीला खूप वर्षं झाली होती आणि नवी येणार असं ठरलं. एक्याण्णवच्या शिरगणतीचे आकडे घेऊन चेल्लैया बसला. तो घरं ठिपक्यांनी दाखवी, एक घर एक ठिपका. नकाशा माझ्या हाती आला तेव्हा पाच नंबर आणि सहा नंबर वॉर्डांच्या मधली रेघ पश्चिमेकडून तळ्यापर्यंत आली होती, आणि तळ्याच्या पलीकडून पुढं गेली होती. मधे काही नाही. तळं देवळाचं, तळ्यातून कुणी मत देत नाही. रेघ कुठल्या काठानं न्यायची हे अधिकाऱ्याला विचारू, म्हणून चेल्लैयानं जागा सोडली आणि लेकीच्या बाळंतपणाला मन्नारगुडीला निघून गेला. मला सांगायचं विसरला.

इथं बाहेरच्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडचा कोलम दोन तऱ्हांचा. एकात ठिपके रेघांनी जोडतात. दुसरा पिळाचा, त्यात रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालून जाते, पुढच्याला वळसा, त्याच्या पुढच्याला वळसा, आणि फिरून मूळ जागी येते. टोक उघडं ठेवायचं नाही. उघड्या टोकातून अवदसा घरात शिरते म्हणतात. अवदसा मी पाहिलेली नाही, पण उघडं टोक ठेवलं तर सासू काय करते ते पाहिलंय. चौथ्या वर्षापासून माझ्या हाताला हे वळण. आणि वॉर्डाचे नियम तरी काय वेगळे? घरातून जायचं नाही, टोक सांधायचं.

तर माझा हात तळ्यापाशी आला, समोर उत्तर काठावर सहा ठिपके सुरेख ओळीत, पलीकडं रेघेचं दुसरं टोक वाट बघतंय. हातानं सहाच्या सहा ठिपक्यांना वरून गोल वळसा घातला आणि रेघ सांधली. वळण इतकं छान आलं की मी दोन पावलं मागं सरून पाहिलं. मग उन्हात छापलं, धुतलं, वाळवलं आणि भिंतीवर चिकटवलं.

सहा घरं पाच नंबरातून उचलून सहा नंबरात. त्यातलं तिसरं रत्नवेलचं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता रत्नवेल नकाशासमोर उभा होता. आधी त्यानं पाच नंबरात स्वतःचं घर शोधलं. मग चष्मा पुसला. मग परत शोधलं. मग ऑफिसच्या छपरावरची कबुतरं उडाली.

“माझं घर कुठाय? मी या गावात राहतो का नाही?”

आमच्या अधिकाऱ्याला सगळे ई.ओ. म्हणत. शांत माणूस, रिटायर व्हायला दोन वर्षं. नकाशा त्याच्या सहीनं लागला होता, पण तो त्यानं आमच्यासारखाच भिंतीवर पहिल्यांदा पाहिला. तो म्हणाला, “राहता ना. सहा नंबरात राहता.”

“सहा नंबरात विणकर राहतात!”

“आता तुम्हीही राहता.”

सहा नंबरातले विणकर रत्नवेलला ओळखून होते. त्यांच्या गल्लीतली गटार बांधायची म्हटली की हा पंचायतीत उठून म्हणे, “माझ्या वॉर्डातली आधी.” आता ते रस्त्यात गाठून त्याला वाकून नमस्कार करायला लागले. “या आमच्या वॉर्डात, अण्णे. आमच्या गटारीचं काय करणार?”

पण खरी मजा चहाच्या टपरीवर. एवढी सुबक गोल रेघ उगाच कोण काढेल? एक मत असं, की हे मद्रासहून झालं, रत्नवेलचा काटा काढायला त्याच्याच पक्षातल्या कुणीतरी सांगितलं. दुसरं मत, रत्नवेलनंच करवून घेतलं, आता रडून सहानुभूती मिळवणार. देवळाच्या माळ्यानं तर सांगितलं, की सहा घरांखाली जुना खजिना आहे आणि सरकार तो वेगळा काढतंय. मी टपरीच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होते. माझ्या मनगटात इतकं राजकारण भरलंय हे मला माहीत नव्हतं. पहिले दोन दिवस मी पदर तोंडाला लावून हसले.

तिसऱ्या दिवशी चेल्लैया मन्नारगुडीहून परत आला, नव्या सायकलवर. जावयानं मुलगा झाल्याच्या आनंदात दिली होती. झालं! रत्नवेलनं सायकल पाहिली आणि सगळा उलगडा झाला. सायकल विणकरांनी दिली, चेल्लैयानं रेघ दिली. गावभर तेच. पोरं सायकलच्या घंटीला ‘तळ्याची घंटी’ म्हणायला लागली. चेल्लैयानं नकाशा पाहिला, माझ्याकडं पाहिलं, तपकिरीची डबी उघडली, बंद केली, आणि काही बोलला नाही. ई.ओ.नं विचारलं, तेव्हा म्हणाला, “पेन्सिल माझी, सार.” एवढंच.

तो बोलला नाही कारण त्याला माझा प्रस्ताव माहीत होता. मीही बोलले नाही, त्याच कारणासाठी. कबूल केलं तर तात्पुरत्या बाईला घरी पाठवायला एक ओळ पुरते. नाही केलं तर एका सरळ माणसावर लाच खाल्ल्याचा डाग. हे कळायला पाचवीसुद्धा लागत नाही. तरी मी आठ दिवस गप्प बसले. या नोकरीतली मला लाज वाटते ती गोष्ट रेघ नाही, हे आठ दिवस.

त्या आठ दिवसांतच माझ्या पुतणीचं लग्न कुंभकोणमला होतं. चार राज्यांतून माणसं आली. पंगतीत मी माझी गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगितली. पुण्याचे व्याही तहसील कचेरीत होते. ते म्हणाले, “आमच्याकडं अशी चूक होणं शक्य नाही. आम्ही उत्तरेकडून सुरुवात करतो, मग नागमोडी दक्षिणेला. आणि पंचायतीच्या एका वॉर्डातून दोन-दोन, तीन-तीन माणसं निवडतो.”

“एका वॉर्डात तीन? मग भांडण कुणाशी करायचं?” मी विचारलं.

“तिघांशी.”

मैसूरचा मावसभाऊ म्हणाला, “आमच्याकडं तर दोन-चार गावं मिळून एक पंचायत. भांडण घरात नाही, गावागावांत. तुम्ही कुठून सुरू करता, अक्का?”

“पिल्लयार कोपऱ्यातून. गणपतीपासून सुरू केलं की हरकती कमी येतात, असं ई.ओ. म्हणतो.”

“मग आल्या का कमी?”

“रसम वाढू का तुला?”

मग गाडी खासदारांवर गेली. मोठ्या मतदारसंघांच्या रेघा आणि कुठल्या राज्याला किती खासदार, हे सगळं आणीबाणीच्या काळात गोठवून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. व्याह्यांनी समजावलं: खासदार डोकी मोजून वाटतात. ज्या राज्यांनी पोरं कमी केली, त्यांच्या वाट्याला खासदारही कमी यायचे. शहाणपणाची शिक्षा नको, म्हणून गोठवलं. मी म्हटलं, “म्हणजे ज्या सुनेनं दोनावर थांबवलं, तिला सासऱ्यानं वाटणीत एक खोली कमी द्यायची, असंच ना?” ते म्हणाले, “अगदी तसंच.” मला एकदम बरं वाटलं. मी सहा घरं हलवली तर गाव पेटलं, दिल्लीवाल्यांना आख्खी राज्यं हलवायची होती, त्यांनी पेनच खाली ठेवलं. शहाणी माणसं.

हात धुताना मी दोघांना विचारलं, की त्या ‘दुसऱ्या बाईनं’ काय करावं. व्याही म्हणाले, “गप्प राहावं. हरकत येईल, रेघ दुरुस्त होईल, लोक विसरतील.” मैसूरवाला म्हणाला, “मूळ नकाशा हरवावा.” दोघंही सरकारी नोकर, दोघांचा सल्ला पक्का होता. पण हात पुसताना मैसूरवाल्यानं विचारलं, “आणि तो सायकलवाला?”

सुनावणी सोमवारी होती. ई.ओ.च्या खोलीत मुंगीला जागा नव्हती. एका बाजूला रत्नवेल आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला विणकर. रत्नवेलची म्हातारी आईही आली होती. तिला खुर्ची दिली. चेल्लैया भिंतीला टेकून उभा. रत्नवेलनं अर्ज वाचला. त्यात ‘सायकल’ हा शब्द इतक्या वेळा आला की विणकरांतलं कुणीतरी तोंडानं घंटी वाजवली.

मी कोपऱ्यात फायली धरून उभी होते. म्हटलं, “सार, ती रेघ माझी आहे.”

“कुठली रेघ, बाईअम्मा?”

“तळ्याची. चेल्लैयानं तिथं जागा सोडली होती. मी सांधली.”

मग रत्नवेल हसायला लागला. “वा! आता या बाईला पुढं केलं! काय देणार म्हणाला गं चेल्लैया? सायकलच्या मागं बसवून फिरवणार?”

विणकरांचा पुढारी तर माझ्यावरच रागावला. “अम्मा, आमच्यासाठी केलंत तर छातीठोक सांगा ना. घाबरता कशाला? नुसतं ‘सांधली’ कशाला म्हणता?”

बघा म्हणजे! खरं बोलले तर दोन्हीकडचा एकही माणूस विश्वास ठेवेना. एवढी सुबक रेघ कुणाच्या हातून आपोआप येणं शक्य नाही, हे दोन्ही बाजूंना एकदम मान्य. त्या गावात त्यांचं एकमत मी तेवढं एकदाच पाहिलं.

ई.ओ. म्हणाला, “कुणाच्या सांगण्यावरून काढली?”

“कुणाच्या नाही. टोक उघडं होतं.”

“त्याला पुरावा काय?”

मला राग आला. नकाशाच्या कापडावर शाई बसावी म्हणून आम्ही आधी एक पांढरी भुकटी चोळतो. तिचा डबा मी कपाटातून काढला आणि चेल्लैयासमोर धरला. “फरशीवर ठिपके मांड. तळ्याच्या आजूबाजूची सगळी घरं. माझ्याकडं बघू नको.” ई.ओ.च्या खोलीची फरशी लाल, माझ्या अंगणापेक्षा गुळगुळीत. चेल्लैयानं गुडघे टेकले आणि ठिपके टाकले. गाव त्याला पाठ होतं. सगळे मागं सरून भिंतींना चिकटले. रत्नवेलचं पाऊल देवळाच्या बागेत होतं, ते त्यानं उचलून घेतलं.

मी पदर खोचला, चिमटीत भुकटी घेतली आणि पश्चिमेकडून निघाले. पाटाच्या कडेनं, शाळेला वळसा, धर्मशाळेला वळसा. तळ्यापाशी आले. हात न थांबता वर गेला, सहा ठिपक्यांना वरून गोल वळसा घालून खाली आला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन भिडला. वळण तेच, तसंच. भिंतीवरचा नकाशा आणि फरशीवरचा, काढणारीचा हात एक. शाळेतलं पोरही सांगेल.

मी थांबायचा प्रयत्न केला असता तरी हात थांबला नसता. खरं सांगायचं तर मी प्रयत्न केलाच नाही. खोली एवढी भरलेली, फरशी एवढी छान!

पहिली बोलली ती रत्नवेलची आई. खुर्चीतून वाकून तिनं पूर्ण रेघ डोळ्यांनी फिरून पाहिली. “रत्नवेलू, हिनं बरोबरच केलंय. टोक उघडं ठेवणाऱ्या बाईला मी माझ्या दारात कोलम काढू दिला नसता.”

“अम्मा, तू मधे बोलू नको.”

“का बोलू नको? मी पण मतदार आहे. कुठल्या वॉर्डातली, ते तुम्ही ठरवा.”

मग जो हशा उठला, तो शमायला वेळ लागला. विणकर हसले, रत्नवेलची माणसं हसली, ई.ओ. कागदात तोंड घालून हसला. चेल्लैया तेवढा शिंकत होता. भुकटी आणि तपकीर एकाच नाकात गेली होती.

निकाल सरळ लागला. रेघ तळ्याच्या दक्षिण काठानं जाईल, सहा घरं परत पाच नंबरात. चेल्लैयावर काही नाही, सायकल जावयाची. विणकर थोडे हिरमुसले, पण फरशीवरचा कोलम बघायला थांबले.

रत्नवेलचं मात्र समाधान झालं नव्हतं. गावासमोर हसं झालेल्या माणसाला कुणीतरी कापायला लागतं. “आणि हिला शिक्षा काय?” तो म्हणाला. “नुसतं सोडणार? हिच्या नोकरीच्या रजिस्टरात लिहा. लाल शाईनं. कायमचं राहिलं पाहिजे!”

ई.ओ. माझ्याकडं बघेना. मला कळलं, आता संपलं. बारा वर्षं आणि एक ओळ.

तेवढ्यात चेल्लैयानं नाक पुसलं आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाला, “सार, अक्काला रजिस्टर नाही.”

“नाही म्हणजे?” रत्नवेल ओरडला.

“तात्पुरत्या माणसाचं रजिस्टर नसतं. कायम माणसाचं असतं. तिच्यावर ठपका ठेवायचा तर लिहायचा कुठं?”

“घरी पाठवता येईल,” ई.ओ. हळूच म्हणाला. “एका ओळीत.”

“घरी? घरी जाऊन ही मजेत बसणार आणि गावभर सांगत फिरणार? ते काही नाही! रजिस्टर उघडा! शिक्षा लेखीच पाहिजे!”

ई.ओ.नं वर पंख्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “तशी मागणी तुम्ही लेखी द्याल का?”

“आत्ता देतो!”

आणि दिली. दोन पानं, खाली राइसमिलचा शिक्का. या बाईचं रजिस्टर ताबडतोब उघडून तिच्यावर ठपका नोंदवावा, अशी गावच्या प्रतिष्ठित नागरिकाची मागणी. ई.ओ.नं ती माझ्या जुन्या प्रस्तावाला टाचून वर पाठवली. वरच्या माणसाच्या बुडाखाली बारा वर्षांची नोकरी टोचत नव्हती, रत्नवेलचा शिक्का टोचला. तीन महिन्यांत हुकूम आला.

मधल्या काळात मला खुलासा लिहून मागितला होता. मी तमिळमध्ये एक ओळ लिहिली: ‘टोक उघडं होतं, म्हणून सांधलं.’ ई.ओ. म्हणाला, “आणखी काही लिहायचंय?” मी म्हटलं, “आणखी काही झालंच नाही.”

दुरुस्तीचं काम मात्र माझ्याच हातून करून घेतलं. ब्लेडच्या पात्यानं ते गोल वळण कापडावरून खरवडून काढलं आणि तळ्याच्या खालून सरळ रेघ ओढली. चांगली आली, पण तिच्यात काही नव्हतं. त्यानंतर मला पेन दिलं नाही. हुकुमातच लिहिलं होतं, ‘यापुढे फक्त छपाई’. त्याचं वाईट वाटलं. अजून वाटतं, पण रोज नाही.

रत्नवेल पाच नंबरातून उभा राहिला, स्वतःचं मत स्वतःला दिलं आणि पडला. किती मतांनी, तर त्याच्या घरात एका पंगतीला जितकी पानं मांडतात तितक्या. महिन्याभरानं त्याची आई मला तळ्यावर भेटली. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, “मी कुणाला मत दिलं ते विचारू नकोस हं.” आणि पायरीवर बसून इतकी हसली की मला तिचं कोपर धरावं लागलं.

चेल्लैया रिटायर होईपर्यंत त्याच सायकलवर येत होता. आठ दिवसांबद्दल मी त्याची माफी मागितली, तेव्हा म्हणाला, “अक्का, मी तरी कुठं बोललो?” आणि तपकीर पुढं केली. मी तपकीर ओढत नाही, त्या दिवशी ओढली. दिवसभर शिंकले.

मी रिटायर झाले त्या दिवशी पेन्शनच्या कागदांसाठी माझं रजिस्टर कपाटातून काढलं. नवा क्लार्क होता, कॉलेज शिकलेला. पहिलं पान उघडून थबकला. लाल शाईतली नोंद वाचली आणि माझ्याकडं बघायला लागला.

“बाईअम्मा, हे काय? ‘परवानगी नसताना रेघ सांधली’?”

“त्याच्या वर काय लिहिलंय?”

“तुमचं नाव. आणि… कायम नेमणूक.”

“तारीख एकच आहे ना दोन्हींची?”

त्यानं बोट लावून पाहिलं. “एकच आहे.”

“मग बरोबर आहे,” मी म्हटलं. “उलट पान. आणि कॉफी सांग दोन, एक रत्नवेलच्या नावानं.”